हिशेब्याचा अल्टरनेटर

बायको: म्हणजे हा वरचा अल्टरनेटर नुसता फिरणार?

ठोक्या: नुसता फिरणार. पट्टा त्याच्यावरून जातो म्हणून फिरणार. वीज तयार करणार तो खालचा.

बायको: आणि ही जाडी लाल वायर? ती तर वरच्यातूनच निघालीय.

ठोक्या: ती कुठेच जात नाही. त्या काळ्या नळीत शिरते आणि आतच संपते.

बायको: वा. एवढं डोकं घरात चालवलं असतंत तर न्हाणीघराचा नळ केव्हाच गळायचा थांबला असता.

ठोक्या: टॉर्च नीट धर. नटावर धर, माझ्या तोंडावर नको.

बायको: तोंडावरच धरते. बघू दे तरी, लाजबिज काही दिसतेय का. अहो, ताई आत्ता येतील. नवऱ्याच्या जुन्या गाडीतून तो काढून घेतला, पुसला, फडक्यात गुंडाळून स्वतः आणून दिला. ह्यांनी शेवटचं काही ठरवलं असेल तर हे, म्हणाल्या. आणि तुम्ही, दोघा मित्रांनी मिळून बांधायला घेतलेल्या या गाडीत तो शोभेला लावलात.

ठोक्या: शोभेला नाही. पट्टा ताठ राहतो त्याने.

बायको: हे असंच सांगाल त्यांना?

ठोक्या: काहीच सांगणार नाही. तूही सांगायचं नाहीस. गाडी सुरू होईल, दिवे लागतील, वहिनी बघतील, चहा पितील, घरी जातील.

बायको: पण लपवायचं काय त्यात? लहान पडतो म्हणावं. माणसाला चप्पल लहान पडते, गाडीला अल्टरनेटर लहान पडला. एवढ्याने कोणी रडत नाही.

ठोक्या: लहान पडला हे सांगितलं की पुढचं आपोआप कळतं. तो निवडला कोणी? हिशेब्याने. हॉस्पिटलच्या खाटेवरून, फोनवर. दिवे कुठले, पेट्रोलचा पंप कुठला, वायपरची मोटर कुठली, एकेक विचारलं. कोणाला किती वीज लागते ते तोंडी मिळवलं आणि म्हणाला, माझ्या गाडीचाच काढून लाव, पुरून उरेल. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस. त्याची बेरीज चुकलेली मी कधी पाहिली नाही. ही चुकली.

बायको: किती चुकली?

ठोक्या: रेडिएटरचा पंखाच धरला नाही. अगं, दोन्ही मोठे दिवे मिळून खातात त्याहून जास्त वीज तो पंखा एकटा खातो. तो विसरणं म्हणजे जेवणारी माणसं मोजताना नवरदेवालाच विसरणं.

बायको: आजारी होते. औषधांनी गुंगी यायची. विसरले.

ठोक्या: तेच ना. फोन ठेवला आणि माझ्या मनात आलं, संपलं, याचं डोकं आता चालत नाही. आणि त्याच आठवड्यात त्याने दुसऱ्या ऑपरेशनला नाही म्हटलं.

बायको: ते मला माहीत आहे.

ठोक्या: पुढचं माहीत नाही तुला. वहिनींनी मला बाहेर बोलावलं. त्या व्हरांड्यात, पाण्याच्या यंत्रापाशी. म्हणाल्या, भाऊजी, मुलगा म्हणतोय, दीर म्हणतायत, ह्यांना आता समजत नाही, तू सही करून टाक आणि ऑपरेशन होऊ दे. तुम्ही ह्यांच्याशी रोज बोलता. डोकं ठिकाणावर आहे की नाही ते खरं सांगा. हे नाही म्हणतायत, ते समजून म्हणतायत का?

बायको: मग? तुम्ही काय म्हणालात?

ठोक्या: म्हटलं, शाबूत आहे.

बायको: अहो.

ठोक्या: त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही तोंडातून निघेना. त्यांनी सही केली नाही. तो गेला. आता तूच सांग, तुमच्या नवऱ्याची बेरीज चुकलेली होती हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

बायको: इतके महिने एकट्याने पोटात ठेवलंत हे?

ठोक्या: तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?

बायको: काही नाही. पण रात्री उठून इथे येऊन बसत होतात, तेव्हा मला वाटायचं गाडीचं वेड लागलंय. भांडत होते मी तुमच्याशी.

वहिनी: आहे का कोणी? फाटक उघडंच होतं.

ठोक्या: या, या वहिनी. सांभाळून. पायाशी वायरी आहेत.

बायको: या ताई. बसायला ते स्टूल घ्या, त्यातल्या त्यात स्वच्छ आहे. बाकी सगळ्याला ग्रीस. मी परवा इथे बसले आणि साडीची वाट लावून घेतली.

वहिनी: मी मुद्दाम जुनी नेसून आलेय. ह्यांच्यामुळे सवय आहे. अगंबाई, रंग लावलात?

ठोक्या: पहिला हात आहे. अजून दोन बाकी. कसा वाटतो?

वहिनी: हे म्हणायचे राखाडी. हा निळा आहे.

ठोक्या: राखाडीच लावणार होतो. पण...

बायको: मी म्हटलं निळा. दोघांनी मिळून इतकी वर्षं आम्हाला या गाडीची स्वप्नं दाखवली, निदान रंग तरी आमचा. मी ताईंना फोनवर विचारलं होतं. हो ना ताई?

वहिनी: विचारलं होतंस. निळाच छान आहे. मला फक्त वाटलं, आवाज ऐकू येईल आता. राखाडी म्हणजे राखाडी. तासभर वाद घातला असता.

ठोक्या: तासभर कशाला, दोन दिवस. मी पत्रा ठोकून मोकळा व्हायचो आणि तो पट्टी घेऊन यायचा. सुतभर फरक असला तरी म्हणायचा, ठोक्या, काढ. मी म्हणायचो, डोळ्याला दिसत नाही. तो म्हणायचा, मला दिसतं.

वहिनी: आणि घरी येऊन मला सांगायचे, आज त्याला तिसऱ्यांदा काढायला लावलं. इतके खूश असायचे.

ठोक्या: चालू करू?

वहिनी: करा की. त्याचसाठी आलेय.

ठोक्या: तुम्हीच किल्ली फिरवा.

वहिनी: नको, नको. तुम्ही. मी इथून बघते.

(इंजिन सुरू होतं.)

बायको: झाली की हो. एका दमात झाली. मला वाटलं होतं निदान चार वेळा कुरकुर करेल.

वहिनी: आवाज किती हलका आहे. आमच्या गाडीचा खडखड यायचा.

ठोक्या: दिवे लावतो. बघा समोर भिंतीवर. आता वायपर. हॉर्न वाजवत नाही, शेजारी आधीच वैतागलेत. वहिनी, डोळे पुसू नका, हात काळे झालेत तुमचे.

वहिनी: असू दे. थोडा वेळ चालू ठेवा. ऐकू दे.

बायको: मी चहा टाकते. तुम्ही बसा निवांत.

वहिनी: भाऊजी, ह्यांचा कुठला? तो वर दिसतोय तोच ना?

ठोक्या: तोच. मुद्दाम वर बसवला. झाकण उघडलं की आधी तोच दिसावा.

वहिनी: फिरतोय.

ठोक्या: फिरतोय तर.

वहिनी: आता बंद करा एकदा. मला हात लावून बघायचाय.

ठोक्या: हात कशाला, भाजेल.

वहिनी: हे नेहमी लावायचे. कुठेही जाऊन आलो की आधी झाकण उघडायचे, पालथा हात ठेवायचे आणि मलाही ठेवायला लावायचे. म्हणायचे, बघ, हा तापला म्हणजे कामावर होता. मला हसू यायचं. करा बंद.

ठोक्या: चहा होऊ दे ना. मग बघू.

वहिनी: भाऊजी, करा बंद. हां. बाजूला व्हा जरा.

ठोक्या: वहिनी, जपून.

वहिनी: हा गार आहे.

ठोक्या: नवीन बसवलाय ना. अंगावर वारा लागतो पुढून. लवकर तापत नाही.

वहिनी: कोमटसुद्धा नाही. दिवे चालू होते, वायपर चालू होते. आणि ही वायर कुठे जाते? या नळीत जाते, आणि पुढे नळी चपटी लागतेय हाताला. पुढे वायर नाहीच. खाली काय आहे ते? मला टॉर्च द्या.

ठोक्या: वहिनी, तुम्ही बसा आधी.

वहिनी: खाली दुसरा आहे. हा तापलाय. भाऊजी, हा कामावर होता.

ठोक्या: हो.

वहिनी: मग ह्यांचा?

ठोक्या: नुसता फिरतोय. माझं चुकलं. मी आधी तोच लावला होता, तुमची शपथ. संध्याकाळी दिवे लावून उभी ठेवायचो. पंखा सुरू झाला की दिवे पिवळे पडायचे, आणि बघता बघता बॅटरी उतरायची. पुरत नाही तो. मग दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, गाडी कुठली? म्हटलं, आमची. म्हणाला, कंपनी कुठली? म्हटलं, मी आणि माझा मित्र. त्याने तीन काढून ठेवले समोर आणि विचारलं, एकूण किती अँपिअर लागतात? मला सांगताच येईना. असले हिशेब त्याचे असायचे. शेवटी सगळ्यात जड होता तो उचलून आणला.

वहिनी: ह्यांनी तर सगळं मोजलं होतं. पुरून उरेल म्हणाले होते. माझ्यासमोर म्हणाले होते.

ठोक्या: मोजताना माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल. मीच नीट सांगितलं नसेल.

वहिनी: मला सांभाळून घेऊ नका. काय राहिलं होतं?

ठोक्या: जाऊ द्या ना, वहिनी. झालं ते झालं.

वहिनी: झालं नाही. तुम्हाला माहीत नाही माझ्या घरी काय चाललंय. मुलगा दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं विचारतो. आणि ठेवताना, अगदी शेवटी, हळू आवाजात म्हणतो, आई, तुझी खात्री होती ना? दर रविवारी. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हणते, होती. तुझ्या बाबांचं डोकं शाबूत होतं, त्यांनी समजून नाही म्हटलं, मी त्यांचं ऐकलं. त्या एका वाक्यावर मी दिवस काढतेय. आणि तुम्ही म्हणताय बेरीज चुकली. कधीची ही बेरीज? ऑपरेशनला नाही म्हणण्याच्या आधीची ना?

ठोक्या: दोन दिवस आधीची.

वहिनी: आणि चुकलीय हे तुम्हाला कधी कळलं?

ठोक्या: वहिनी...

वहिनी: दिवे पिवळे पडले तेव्हा कळलं, की आधी?

ठोक्या: आधी. फोन ठेवला तेव्हाच.

वहिनी: म्हणजे मी व्हरांड्यात विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

ठोक्या: होतं.

वहिनी: आणि तुम्ही म्हणालात शाबूत आहे.

ठोक्या: मला शिव्या द्या. त्या दिवसापासून मला झोप नाही. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही सही केली असती, कदाचित तो आज इथे पट्टी घेऊन उभा असता. माझ्या एका शब्दाने गेला तो. म्हणून हा सगळा खटाटोप. तुम्हाला कळू नये एवढंच मला करता आलं.

वहिनी: मला श्वास घेऊ दे जरा.

ठोक्या: पाणी आणू?

वहिनी: पाणी नको. ती बेरीज सांगा मला. ह्यांनी केली तशी.

ठोक्या: आता कशाला तेच तेच?

वहिनी: तीस वर्षं मी ह्यांचे हिशेब ऐकलेत. हे भाजीवाल्याचा काटासुद्धा हातात धरून बघायचे. मला बघू दे कुठे चुकले ते. सांगा.

ठोक्या: आधी मोठे दिवे. मग मागचे दिवे. पेट्रोलचा पंप. वायपर. हॉर्न धरला नाही, म्हणाला, तो एवढासा वाजतो, आणि तू तर कमीच वाजवणार. इंजिनच्या ठिणगीला थोडी. वर पावसाळी रात्रीसाठी म्हणून थोडी जास्तीची. बस.

वहिनी: आणि राहिलं काय?

ठोक्या: पंखा. रेडिएटरचा.

वहिनी: पंखा?

ठोक्या: हा बघा ना, समोरच आहे. सगळ्यात जास्त वीज याला लागते. तोच विसरला.

वहिनी: विसरले नाहीत. विचारलं होतं.

ठोक्या: काय?

वहिनी: पंख्याचं ह्यांनी विचारलं होतं. फोन मीच धरला होता ह्यांच्या कानाशी. हात थरथरायचे म्हणून स्पीकर लावला होता. हे म्हणाले, ठोक्या, पंखा इंजिनच्या पट्ट्यावरचाच ना? तुम्ही म्हणालात, हो रे बाबा, तू सांगितलास तसाच.

ठोक्या: मी?

वहिनी: तुम्ही. मग फोन झाल्यावर मला म्हणाले, पंखा इंजिनच फिरवणार, म्हणजे त्याला वीज शून्य, म्हणून आपला जुना पुरतो. मला काय कळतंय त्यातलं. मी हूं म्हटलं आणि उशी सरळ केली. पण शून्य म्हणाले होते. बोटांनी करून दाखवलं होतं, असं.

ठोक्या: असेल. तेव्हा ठरलं तसंच होतं ना. पट्ट्यावरचाच बसवायचा होता. हा विजेचा मी नंतर आणला. म्हणजे मी खोटं नव्हतो बोललो, मागाहून बदल झाला.

बायको: चहा घ्या. ताई, साखर कमीच घातलीय. काय झालं? दोघांचे चेहरे असे का?

ठोक्या: वहिनींना कळलं.

बायको: बरं झालं. मी म्हणतच होते यांना.

वहिनी: अगं, हा पंखा कधी आणला गं यांनी? आठवतं तुला?

बायको: हा? न आठवायला काय झालं. महिनाभर माझ्या शिलाई मशीनवर ठेवला होता उचलून. मी भांडले शेवटी. म्हटलं, हलवा तो, मला ताईंना सदरे शिवून द्यायचेत. ते नाही का, पुढून बंद बांधायचे, ऑपरेशननंतर घालायला सोपे जावेत म्हणून. दोन पांढरे, एक चौकड्यांचा.

वहिनी: पहिल्या ऑपरेशनच्या वेळचे सदरे.

बायको: हो ना. त्याच्याही आधीपासून पंखा घरात होता. का? काय झालं?

वहिनी: फोन झाला तेव्हा ह्यांच्या अंगात तो चौकड्यांचा होता.

बायको: मला काही कळत नाहीये. अहो, बोला की. असे खाली काय बसलात?

ठोक्या: आधीच आणला होता. बरोबर आहे. आधीच आणला होता मी.

वहिनी: मग फोनवर पट्ट्यावरचा का म्हणालात?

ठोक्या: पट्ट्यावरचा बसतच नव्हता. रेडिएटर ज्यावर बसतो ती सांगाड्याची पुढची आडवी पट्टी मी चुकीच्या जागी जोडली होती. चार बोटं मागे. त्याचं माप बरोबर होतं, माझाच हात चुकला. रेडिएटर इंजिनला एवढा चिकटला की मध्ये पंख्याला जागाच उरली नाही. मग पुढून लावायचा म्हणून हा विजेचा आणला. त्याला काय सांगायचं? सांगितलं असतं तर म्हणाला असता, काढ. आजारी माणसाला कशाला डोक्याला ताप, असं म्हटलं मी मनाशी. खरं तर मला परत सगळं कापायचा कंटाळा आला होता. आणि चुकलं हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

वहिनी: आणि हे सगळं तुम्ही विसरलात?

ठोक्या: मी धड ऐकतच नव्हतो, वहिनी. शेवटी शेवटी त्याचे फोन यायचे, तेव्हा मी हातातलं काम करत असायचो आणि हो रे, बरोबर आहे रे, झालंच रे, असं म्हणत सुटायचो. त्याने काय विचारलं आणि मी कशाला हो म्हटलं, त्याचा पत्ताच नसायचा मला. शेवटी त्याने केलेली बेरीज आणि पुरून उरेल एवढंच ऐकलं, आणि म्हटलं, हा पंखा विसरला. याचं डोकं गेलं.

बायको: म्हणजे हिशेब चुकलाच नव्हता?

ठोक्या: मी सांगितलेल्या गाडीचा बरोबर होता. ती गाडी नव्हतीच ही.

वहिनी: बरोबर होता.

बायको: ताई, कप द्या इकडे. सांडतोय चहा. बसा. रडा, रडून घ्या.

वहिनी: शून्य म्हणाले होते गं. बोटांनी दाखवलं होतं. आणि मी दर रविवारी घाबरत होते, की आपण उगाच हट्टाने शाबूत शाबूत म्हणतोय. रात्री उठून आठवत बसायचे, हे कधी काही वेडंवाकडं बोलले होते का. एकदा ह्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली होती, तेवढंच मी धरून बसले होते. हे समजून नाही म्हणाले होते. खरंच समजून.

बायको: हो, ताई.

वहिनी: भाऊजी.

ठोक्या: बोला.

वहिनी: तुम्ही ह्यांना वेड्यात काढलंत. तोंडावर नाही काढलंत, त्याचं वाईट वाटतं जास्त. तोंडावर हो हो आणि मनात वेडा.

ठोक्या: हो.

वहिनी: ह्यांच्या लक्षात आलं होतं. तुम्हाला सांगणार नव्हते मी कधी. एक दिवस म्हणाले, ठोक्या हल्ली माझ्याशी भांडत नाही. मी म्हटलं, आजारी माणसाशी कोण भांडेल? तर म्हणाले, सगळ्यांनी सोडलं होतं, हा एकटा भांडायचा.

ठोक्या: असं म्हणाला?

वहिनी: असंच म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

बायको: अहो, उठा तिथून. तेल आहे खाली.

ठोक्या: असू दे. वहिनी, मी काय करू आता? माफी मागायलासुद्धा तो नाही. मी म्हणत होतो, माझ्या शब्दाने गेला. ते नव्हतंच. तो आपल्या मर्जीने गेला. पण जाताना मी त्याला एकटं पाडलं. मी. वीस वर्षं ज्याच्याशी एक रविवार भांडल्याशिवाय गेला नाही.

वहिनी: मी तुम्हाला आज काही म्हणणार नाही. आज माझ्यात तेवढं त्राण नाही. नंतर म्हणेन.

ठोक्या: म्हणा. केव्हाही म्हणा. मी येईन ऐकायला.

वहिनी: आधी तो वरचा काढा. नुसता फिरवत ठेवू नका त्याला.

ठोक्या: आत्ता काढतो. घरी न्याल?

वहिनी: नेईन. फडकं आणलंय का विचाराल, तर नाही. तुमच्याकडचंच द्या.

बायको: मी देते धुतलेलं. यांच्याकडची सगळी ग्रीसची.

ठोक्या: हवं तर ती पुढची पट्टी कापतो. नीट जोडतो त्याच्या मापाने. पट्ट्यावरचा पंखा बसेल मग, आणि त्याचाच अल्टरनेटर चालेल. महिनाभर लागेल. कापू?

वहिनी: ते तुमचं तुम्ही बघा. कापायचं असेल तर कापा. माझ्यासाठी नको.

ठोक्या: कापतो.

बायको: झालं. म्हणजे गाडी परत उघडी. असू दे. कापा.

वहिनी: त्याच्याआधी एक काम करायचं. हा माझा फोन घ्या. मुलाचा नंबर लावून देते.

ठोक्या: आत्ता?

वहिनी: आत्ता. मी सांगितलं तर त्याला वाटेल, आई मनाची समजूत घालतेय. तुम्ही सांगा. पंखा, पट्टी, फोनवर काय म्हणालात, सगळं. गाळू नका काही.

ठोक्या: माझ्याबद्दल काय वाटेल त्याला? लहानपणापासून काका काका करत माझ्या मांडीवर...

वहिनी: वाटू दे. लागला. घ्या.

ठोक्या: हॅलो. हो, मी काका. नाही, आई ठीक आहे. इथेच बसलीय, चहा पितेय. ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगता यायचं नाही. तुझ्या बाबांनी आजारपणात मला एक बेरीज करून दिली होती. ती चुकली असं मी धरून चाललो होतो, आणि ते मी तुझ्या आईपासून लपवलं. ती चुकली नव्हती. मी त्याला गाडीच खोटी सांगितली होती. माझ्या हातून एक पट्टी चुकली होती, ती झाकायला. तो पंख्याचं बरोबर विचारत होता आणि मी न ऐकता हो हो म्हणत होतो. हो. ऑपरेशनला नाही म्हणाला त्याच्या दोनच दिवस आधी. नाही, गुंगीत नव्हता. एकेक वस्तू विचारली त्याने. हो. हो, व्हरांड्यात तिने मला विचारलं होतं. तेव्हा मी शाबूत म्हटलं ते मनात तसं नसताना म्हटलं होतं. रागाव. रागावणारच तू. पण शाबूत होतं, बाळा. या वेळी खरं सांगतोय.